सरोगसी : पालकत्वाची कायदेशीर मान्यता

सरोगसीच्या बाळाचे आईबाप कोण, हे भारतात गर्भधारणेआधीच ठरवून घ्यावे लागते. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी (विनियमन) अधिनियमानुसार इच्छुक दांपत्य आणि सरोगेट माता प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात.  त्यावर मिळालेला पालकत्व व ताब्याचा आदेशच पुढे जन्माचे प्रतिज्ञापत्र मानला जातो.

कायद्यापूर्वी जन्मलेल्या मुलांचे वाद मात्र जिव्हारी लागणारे ठरले. एका प्रकरणात, स्त्रीबीज देणारी मेहुणीच जुळ्या मुलींची जैविक आई, असा पतीचा दावा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पत्नीला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. आधार होता आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा: बीजदात्याला अपत्यावर पालकत्वाचा अधिकार नाही.