हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट : जाडीचा पूर्वअंदाज

गुडघ्यातील पुढचे क्रूसिएट लिगामेंट (एसीएल) पूर्ण तुटले की त्याच्या जागी बहुधा रुग्णाचीच एखादी कंडरा बसवतात. भारतात त्यासाठी बरेचदा मांडीच्या मागील-आतील बाजूच्या सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस या दोन हॅमस्ट्रिंग कंडरा काढून, दुमडून चारपदरी ग्राफ्ट करतात. त्याची जाडी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढणाऱ्या छिद्रांतून ओढून मोजली जाते, पण तोवर कंडरा काढून झालेल्या असतात. म्हणून अंदाज आधी हवा.

८ मिमीची किमान मर्यादा : ७ मिमी ग्राफ्टचा छेद ८ मिमीच्या तुलनेत जवळजवळ चतुर्थांशाने कमी भरतो. मॅग्नुसेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २५६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ८ मिमीहून जाड ग्राफ्ट असलेल्या ५८ जणांपैकी एकावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, ७.५ ते ८ मिमीच्या १३९ पैकी ९ जणांवर, तर ७ मिमी किंवा त्याहून बारीक ग्राफ्टच्या ५९ पैकी ८ जणांवर. विशीच्या आतील रुग्णांना धोका अधिक दिसला. यात जाडीचा वाटा किती आणि वयाचा किती, यावर मतभेद आहेत.

शरीरमापे : उंची, वजन, मांडीचा घेर आणि लिंग यांचा जाडीशी संबंध आढळतो. त्यांत उंची अधिक भरवशाची, तरीही एकाच उंचीच्या दोघांच्या कंडरांत बराच फरक निघू शकतो. ५० किलोखालील रुग्णांत ग्राफ्ट बारीक निघण्याची शक्यता अधिक. आपल्याकडच्या कबड्डी खेळणाऱ्या सडपातळ मुलींच्या बाबतीत हे आवर्जून ध्यानात घ्यावे.

एमआरआय : सर्वांत उपयुक्त साधन. दुखापतीच्या निदानासाठी ते काढलेलेच असते, वेगळा खर्च नाही. सांध्याजवळच्या आडव्या छेदात दोन्ही कंडरांच्या कडेने संगणकावर रेघ फिरवली की क्षेत्रफळ मिळते. किती क्षेत्रफळ पुरेसे, याचा आकडा अभ्यासागणिक बदलतो. रेडिओलॉजिस्टच्या अहवालात हे माप सहसा नसते. ते असायला हवे.

सोनोग्राफी : स्वस्त, पण मोजणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून.

कंडरा बारीक असल्यास पर्याय : पाच किंवा सहा पदर, वाटीखालची पटेलर कंडरा, क्वाड्रिसेप्स कंडरा, घोट्याजवळची पेरोनिअस लाँगस.

   

रुग्णाने एमआरआयची सीडी जपून ठेवावी, आणि कंडरा बारीक निघाली तर पुढे काय करणार, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सर्जनला विचारावे.