पन्नाशीची गाडी आणि तिचे कागद

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा जंगलभाग २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला आणि गडचिरोली जिल्हा जन्माला आला. पुढे १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि राज्य-जिल्हा सांगणारे क्रमांक आले. त्यात गडचिरोलीला एमएच ३३ मिळाला आणि चंद्रपूरला एमएच ३४. लेकीचा नंबर आईच्या आधी! असो. मुद्दा असा की एमएच ३३ घेऊनच जन्मलेली कुठलीही गाडी २०३९ च्या आधी पन्नाशी गाठणार नाही.

पन्नाशीचे महत्त्व जुलै २०२१ पासून वाढले. केंद्र सरकारने तेव्हा मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी देशभर एकच पद्धत आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. नव्याने नोंदणी करायची तर वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. सोबत विमा हवा, गाडी परदेशातून आणली असेल तर आयातीचे कागद आणि इथलीच असेल तर जुने आरसी बुक. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ लागते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला मात्र तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, आणि या नियमांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. १९८९ पूर्वीची ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरी पाटी हीदेखील इतिहासाचे पानच आहे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते.

आणि एक अट. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही.

या अटीशी आपल्या भागातली जीप अडते. राजवाड्याच्या गॅरेजात कापडाखाली झाकून ठेवलेली मोटार मूळ रूपात राहते, कारण तिला काम नसते. आपल्याकडे जुनी गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या जिपा देशभर पसरल्या, आणि १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जिपा जोडल्या जाऊ लागल्या. जोडणारी कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. कंपनीच्या पाटीवरचे नाव १९४८ मध्ये बदलले. पाटी बदलली तरी जीप तीच राहिली, हे कुठल्याही मिस्त्रीला समजते.

बल्लारपूर, आलापल्ली, सिरोंचा, भामरागड या पट्ट्यात सागवान, बांबू, तेंदूपत्ता यांच्या मागे माणसे फिरली, ती कच्च्या रस्त्यांनी आणि नाल्यांतून. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. अशा रस्त्यांवर जीप टिकली ती बदलत गेली म्हणून. पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल इंजिन बसवले. पत्रा सडला, तेव्हा नवी बॉडी ठोकून घेतली. मागे चार माणसे जास्त बसावीत म्हणून चासीला जोड दिला. हे करणारे हात पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातले असत. उस्तादाच्या हाताखाली शागिर्द पोरगा आधी पाने ओळखायला शिके, मग टायमिंग, मग वेल्डिंग. या हुनराची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही. उलट ज्या कौशल्याने गाडी पन्नास वर्षे जगली, तेच नियमाच्या भाषेत ‘फेरफार’ ठरते.

नियम अगदीच चुकीचा आहे असे मला वाटत नाही. मूळ रूपाची अट नसती तर कालची बॉडी आणि परवाचे इंजिन जोडून कुणीही ‘व्हिंटेज’ विकले असते. पण जर्मनीत १९९७ पासून जुन्या गाड्यांना क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळते. तिथे वयाची अट तीस वर्षांची आहे, आणि गाडीच्या त्या काळात रूढ असलेले बदल चालतात. ती गाडी रोजही वापरता येते. म्हणजे बदल हादेखील इतिहासाचा भाग असू शकतो, हे कायद्यात बसवता येते. आपल्याकडे व्हिंटेजमध्ये न बसणाऱ्या जिपेला नेहमीचीच वाट उरते. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची चारचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली. गॅरेजवाल्याच्या जिपेला हा आकडा जड जातो आणि ती भंगारात निघते. तिच्यासोबत क्रमांकही जातो.

दस्तऐवज हा शब्द फारसीतून आला. दस्त म्हणजे हात. जे हाताने धरून ठेवायचे ते. तुमच्या घरात, अब्बांच्या किंवा दादाजींच्या पेटीत, १९७५ पूर्वीचे आरसी बुक असेल तर ते लॅमिनेट करू नका. शिक्के आणि मालक बदलल्याच्या नोंदी वाचता आल्या पाहिजेत. प्रत्येक पानाचा फोटो काढा. चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. इंजिन कधी बदलले, कुठल्या गाडीचे बसवले, कुणी बसवले, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत तारखेसह लिहा, आणि मिस्त्रीचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका. आरसी बुकात त्याच्यासाठी रकाना नसतो.