संगणकाचा पंखा: शांततेचा इतिहास

डेस्कटॉप संगणकासाठी पंखा घेताना तुम्ही बहुधा खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा पाहता. पण पंख्यासमोर जाळी, फिल्टर किंवा रेडिएटर आला की परिस्थिती बदलते, आणि ती त्या आकड्यातून कळत नाही. मग कशाकडे पाहावे? याचे उत्तर पंख्याच्या इतिहासात सापडते.

१९४६च्या एनिॲक संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. ही उष्णता मोठे ब्लोअर बाहेर टाकत. यंत्राला स्वतंत्र दालन होते, त्यामुळे आवाजाची फारशी चिंता नव्हती. संगणक टेबलावर आला तेव्हा आवाज हा प्रश्न बनला.

पहिला उपाय होता पंखाच काढून टाकण्याचा. १९७७च्या ॲपल टू मध्ये रॉड होल्ट यांनी स्विचिंग प्रकारचा वीजपुरवठा बसवला. तो कमी तापत असल्याने पंख्याची गरज उरली नाही. १९८०च्या ॲपल थ्री मध्येही स्टीव्ह जॉब्स यांनी पंखा नको असा आग्रह धरला. पण त्यातला बोर्ड दाटीवाटीचा होता. यंत्रे तापू लागली, चिप सॉकेटमधून सैल होऊ लागल्या आणि हजारो यंत्रे बदलून द्यावी लागली. उष्णता हे एकमेव कारण नव्हते, तरी धडा स्पष्ट होता. १९८४चा मॅकिंटॉश पंख्याविना आला, पण १९८७च्या मॅकिंटॉश एसई मध्ये पंखा बसवावाच लागला.

दुसरा टप्पा वेगाचा. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये पंखा होता, पण तो वीजपुरवठ्यात. ८०८८ प्रोसेसरवर साधा हीटसिंकही नव्हता. १९९३च्या ६६ मेगाहर्ट्झ पेंटियमची उष्णता सुमारे १६ वॅटपर्यंत गेली. २००४च्या पेंटियम ४ च्या काही आवृत्त्या ११५ वॅटवर पोहोचल्या. छोटे पंखे मिनिटाला हजारो फेरे घेत घोंघावू लागले. त्याच वर्षी इंटेलने पुढचा तेजस प्रोसेसर रद्द केला आणि अनेक गाभ्यांची वाट धरली.

तिसरा टप्पा आजचा: मोठा, हळू फिरणारा आणि नियंत्रित पंखा. यामागचे गणित जुनेच आहे. एकाच घाटाच्या पंख्यांत हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ८० मिलिमीटरचा पंखा २४०० फेऱ्यांवर जेवढी हवा देतो, तेवढीच १२० मिलिमीटरचा पंखा सुमारे ७०० फेऱ्यांवर देतो. त्याच पंख्याचे फेरे निम्मे केले तर आवाज ढोबळमानाने १५ डेसिबल घटतो. चार तारांच्या पंख्यात चौथी तार वेगाचा आदेश नेते. त्या स्पंदांची वारंवारता २५ किलोहर्ट्झ ठेवली आहे, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या वर.

मात्र याची किंमतही आहे. दाब फेऱ्यांच्या वर्गानुसार आणि व्यासाच्या वर्गानुसार बदलतो. वरच्या उदाहरणात मोठा पंखा तेवढीच हवा देतो, पण दाब जेमतेम पाचवा हिस्सा देतो. समोर रेडिएटर किंवा धुळीचा दाट फिल्टर असेल, तर ती हवा आरपार जाणारच नाही.

म्हणून निवड अशी करा. कॅबिनेटमध्ये बसेल तो सर्वांत मोठा पंखा घ्या. मोकळ्या जागी प्रवाहाचा आकडा पाहा, अडथळ्यामागे स्थिर दाबाचा. मदरबोर्डवर सोय असेल तर चार तारांचा पंखा घ्या. आणि हवामान विसरू नका. पंखा कोणत्याही भागाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. चाचणी २० अंशांच्या खोलीत झाली असेल आणि मे महिन्यात तुमची नागपूरची किंवा जयपूरची खोली ३५ अंशांवर असेल, तर चाचणीतल्या प्रत्येक तापमानात साधारण १५ अंश मिळवा. फिल्टरवर धूळ साचली की पंखा वेग वाढवतो आणि आवाजही वाढतो. अशा वेळी नवा पंखा घेण्याआधी फिल्टर साफ करून पाहा.

ॲपल थ्रीने दाखवले की उष्णता बाहेर जायला वाट हवी. ती वाट जितकी मोकळी, तितका पंखा हळू फिरेल, आणि संगणक तितकाच शांत राहील.