संगणकावरील पानजुळणी व जुन्या कागदांचें मुद्रण

मोडी कागद वाचून त्याची बालबोध प्रत सिद्ध झाली कीं संपादकाचें काम संपलें, अशी आपल्यांत सामान्य समजूत आहे. प्रतीचें छापील पान होतांना तिच्यांत काय पालट होतो, इकडे फारसें कोणी पाहत नाहीं. आम्हीही याच समजुतीचे होतों. पण करवीर प्रांतींच्या एका जमाखर्चाची प्रत आम्हीं कोल्हापुरांतील एका डीटीपी दुकानीं जुळणीस दिली, तेव्हां आमचे डोळे उघडले. जुळाऱ्यानें सद्‌हेतूनेंच सर्व उभे दंड काढून त्यांच्या जागीं पूर्णविराम घातले होते. संगणकास ही आज्ञा एकदांच द्यावी लागते! जुन्या हिशेबांत एक दंड पावाचा, दोन अर्ध्याचे, तीन पाऊणाचे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ५॥ रुपयांचे ५ रुपये झाले आणि बेरीज जुळेना. मूळ कारकूनच चुकला असें आम्ही तळटीपेंत लिहिणार होतों. सुदैवानें अस्सल कागद पुनः काढून पाहिला.

त्या दिवसापासून आम्ही स्वतःच पानजुळणी शिकावयास बसलों.

खिळ्यांच्या छपाईंत असा अपघात होत नसे असें नाहीं, पण तो एकेका खिळ्यानें होई. श्रीरामपुरास कॅरे यानें १८१० सालीं मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला; संगणकाच्या युनिकोड संकेतांत मोडीस स्थान मिळावयास २०१४ साल उजाडलें. शिवाजी विद्यापीठानें डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या संपादकत्वाखालीं ताराबाईकालीन कागदपत्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हां संगणकाचा प्रश्नच नव्हता. आज ते खंड उघडले कीं वाचतां येतात. पुढच्या पिढीच्या कामाविषयीं असें म्हणतां येत नाहीं, आणि हाच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

पेजमेकर हा कार्यक्रम १९८५ सालीं ऑल्डस कंपनीनें काढला. १९९४ मध्यें ती कंपनी अडोबीकडे गेली. आपल्याकडे श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांच्या साह्यानें त्यावर मराठी पानें जुळूं लागलीं. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. अर्धा 'ग' एका जागीं, त्याचा काना दुसऱ्या जागीं, वेलांटी अक्षराच्या आधीं. डोळ्यांस 'गाव' दिसे, पण संगणकाच्या दप्तरीं कांहीं रोमन चिन्हें असत. टंक गेला कीं उरतात तीं चिन्हेंच. किल्ली हरवलेल्या सांकेतिक पत्रासारखी ही अवस्था आहे. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं इस्की हा समान संकेत ठरविला होता. तरी टंक करणाऱ्यांनीं आपापल्या वाटा सोडल्या नाहींत. त्यांतील टाइप १ जातीचे टंक अडोबीचे नवे कार्यक्रम जानेवारी २०२३ पासून स्वीकारीत नाहींत.

युनिकोडमध्यें रूपांतर केलें म्हणजे सर्व भागलें असें मात्र समजूं नये. आम्ही प्रत्येक रूपांतरानंतर दोन शब्द तपासतों: 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास'. एक स्वयंपाकी, दुसरा गुरु. रफार चुकला कीं दोघांची अदलाबदल होते. 'कऱ्हाड' याच कारणानें बिघडतें. इनडिझाइनमध्यें परिच्छेदास वर्ल्ड-रेडी कंपोझर न लाविल्यास वेलांट्या व जोडाक्षरें विस्कटतात. हें कळावयास आमचे दोन दिवस गेले. शुद्धलेखन तपासणारी सोय तर प्रथम बंद करावी. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि १९६२ च्या नियमांपूर्वींच्या छापील ग्रंथांत अनुस्वार विपुल. यंत्र तें सारें "सुधारूं" पाहतें. असल्या सुधारणेपेक्षां कसर बरी. कसर कोठें लागली तें निदान दिसतें.

असो. कोल्हापूर व आसपासच्या ज्या संग्राहकांजवळ १९९० नंतरच्या पुस्तकांच्या फ्लॉपी किंवा तबकड्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. मूळ टंक, कार्यक्रमाचें नांव व आवृत्ति, आणि त्याच पानाची एक छापील प्रत एकत्र बांधून ठेवावी. छापील पान शेजारीं असल्यास हरवलेल्या टंकाचा तक्ता अक्षरास अक्षर लावून पुनः करतां येतो. आम्हीं एका वंशावळीपुरता तो केला आहे, आणि मागेल त्यास त्याची नक्कल देऊं.