भात : पेशींचा ताण-प्रतिसाद (भाटघर परिसर)

पाण्याची कमतरता, पाण्याचा अतिरेक किंवा रोगजंतू यांमुळे भातरोपाच्या पेशींत घडून येणारे रासायनिक व जनुकीय बदल. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत, हे बदल एकाच हंगामात पाहायला मिळतात. धरणाचे पाणी कालव्यांनी नीरेच्या खोऱ्यात खाली जाते. डोंगरउतारावरच्या खाचरांना मात्र पावसाचाच आधार. त्यामुळे रोपाला आधी तुंबलेले पाणी, मग उघडीप आणि पाठोपाठ करपा हा बुरशीजन्य रोग सोसावा लागतो.

पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट मंदगतीने पसरतात. रोप बुडाले की ऑक्सिजन तुटतो आणि पेशींनी तयार केलेला एथिलीन वायू आतच कोंडतो. तीच धोक्याची सूचना. मुळांतल्या काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या जागी हवा वाहणाऱ्या पोकळ्या होतात. ओडिशातील एफआर 13ए या वाणातून 2006 साली ओळखले गेलेले सब1ए जनुक बुडालेल्या रोपाची वाढ रोखून साखर वाचवते.

उघडिपीत अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. पर्णरंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, पेशी सैलावतात, रंध्रे मिटतात.

करप्याची बुरशी पानावर उतरते ती दवाच्या ओलीत. बीजाणूला अंकुर फुटतो, त्याच्या टोकाशी काळसर घुमट तयार होतो आणि त्यात हवेच्या दाबाच्या सुमारे 80 पट दाब साचतो. त्या जोरावर बुरशी पानाची साल भेदते. भाताची पेशी बुरशीच्या भित्तीतले कायटिन ओळखते. कॅल्शियम आत धावते, हायड्रोजन पेरॉक्साइड उसळते आणि प्रतिकारक्षम वाणांत लागण झालेली पेशी स्वतःच मरून बुरशीची वाट अडवते. हे जमले नाही तर राखाडी मध्य आणि तपकिरी कडा असलेले, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके उमटतात. लोंबीच्या मानेवर हल्ला झाला की त्याला मानमोडी म्हणतात. तेव्हा दाणा पोचट राहतो.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दोन ताणांची गाठ. कोरडेपणाशी झुंजताना वाढलेले अ‍ॅब्सिसिक आम्ल सॅलिसिलिक आम्लावर चालणारी रोगप्रतिकाराची साखळी दाबते. कोरड्या पडलेल्या खाचरात करपा पाणी असलेल्या खाचरापेक्षा जास्त फोफावतो, त्यामागचे हे एक कारण आहे. करप्याची चिन्हे दिसताच फवारणीचा विचार होतो. बांध फुटू न देता पाणी टिकवणेही तितकेच उपचाराचे काम आहे.

नत्राची मात्रा जास्त झाली तरी करपा बळावतो. सिलिका याच्या उलट वागते : ती पानाच्या सालीखाली थर धरते आणि पेशींचा प्रतिसादही तल्लख करते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीतले पहिले सूत्र याच्याशी जुळते. तरव्यात (रोपवाटिकेत) भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि पेंढा खाचरात गाडायचा, म्हणजे पिकाने उचललेली सिलिका पुढच्या रोपाला मिळते.