श्रवण आणि तोल : कानाचे दुहेरी कार्य
ऐकणे आणि शरीराचा तोल राखणे या दोन्ही कार्यांत कानाचा वाटा मोलाचा आहे. ध्वनिलहरींनी कानाचा पडदा कंप पावतो. मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन हाडे ही कंपने अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचवतात. तेथील रोमपेशी त्यांचे संदेशांत रूपांतर करतात व श्रवणतंतू ते मेंदूकडे नेतात. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर दोन सूक्ष्म कोश गुरुत्वाची दिशा ओळखतात. या संतुलनयंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मोठ्या आवाजाने नष्ट झालेल्या श्रवणाच्या रोमपेशी मानवात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच गोंगाटापासून कानांचे वेळीच रक्षण करणे अगत्याचे ठरते.