गॅदरिंगची गोष्ट : स्टेजवर पोरं, खुर्चीत कोण?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. एसटीत हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.

आज आपण चाललोय श्रीगोंद्याला. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा तालुका. गावाचं जुनं नाव चांभारगोंदे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या संत शेख महंमदांचं हे गाव, आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांचंही. पण आज संतही नाहीत आणि सरदारही नाहीत. आजचा विषय आहे गॅदरिंग.

हसू नका. डिसेंबर संपला की मार्चपर्यंत या तालुक्यात संध्याकाळी फिरलात तर दोन आवाज हमखास कानावर पडतात. एक, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. दुसरा, कुठल्यातरी शाळेच्या पटांगणातून येणारा, “हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री”. पाचवी-सहावी-सातवीची पोरं भाड्याचे कपडे घालून, गालाला लाली लावून उभी असतात. समोर आख्खं गाव. पहिल्या रांगेत सोफा, त्यावर पाहुणे. हे सगळं इतकं ओळखीचं आहे, की याला काही इतिहास असेल असं आपल्याला वाटतच नाही.

आता थोडं मागे जाऊ. इंग्रज यायच्या आधी गावात पंतोजीची शाळा असायची. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळात. पोरगं चांगला दिवस बघून कधीही शाळेत यायचं. धूळपाटीवर अक्षरं गिरवायचं, पाढे घोकायचं आणि घरच्या धंद्यापुरतं आलं की बंद व्हायचं. पंतोजीला धान्य मिळायचं, सणावाराला काहीतरी मिळायचं. अशा शाळेत इयत्ता नव्हती, निकाल नव्हता. थोडक्यात, शाळेला ‘वर्ष’च नव्हतं. मग वर्षाचा शेवट साजरा कोण करणार? (आणि हो, या ओसरीवर मुली नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरची पोरंही नव्हती. हे विसरून जुन्या शाळेचं कौतुक करू नये.)

१८२० नंतर मुंबई इलाख्यात सरकारी आणि मिशनरी शाळा सुरू झाल्या, तसं हे बदललं. शाळा चालवायला पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्याला दाखवावं लागतं की पोरं खरंच शिकतायत. म्हणून आली जाहीर परीक्षा. म्हणजे काय, तर वर्षातून एकदा पोरांना लोकांसमोर उभं करायचं, साहेबाने प्रश्न विचारायचे, पोरांनी उत्तरं द्यायची आणि शेवटी बक्षिसं वाटायची. आपल्या गॅदरिंगचा पणजोबा तो हा. नाच-गाणं नाही, पण स्टेज आहे, प्रेक्षक आहेत, पाहुणे आहेत, बक्षीसही आहे.

यातली सगळ्यात गाजलेली परीक्षा पुण्यातली. १२ फेब्रुवारी १८५३. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या मुलींच्या शाळांची. मुलींनी शिकावं की नाही यावरूनच वाद चालला होता, आणि इथे मुली हजारोंच्या गर्दीसमोर वाचून दाखवणार होत्या! सुमारे ३,००० माणसं जमली होती असं सांगतात. आज एखाद्या गावातल्या गॅदरिंगलाही एवढी गर्दी होत नाही.

आता यातला नगरचा धागा. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला, सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाईंकडे. या बाई १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. आणि फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये छापून आला तो याच ‘ज्ञानोदय’मध्ये. सातवी-आठवीच्या वयाची मुलगी! वयाने ती आज आपल्या शाळेच्या स्टेजवर समूहनृत्यात दुसऱ्या रांगेत उभी असती.

याच शाळेच्या बक्षीस समारंभातली एक आठवण सांगितली जाते. साहेब मुलींना खेळणी-खाऊ द्यायला लागले तेव्हा एक मुलगी उठली आणि म्हणाली, आम्हाला हे नको, शाळेला ग्रंथालय द्या. ती मुलगी मुक्ताच होती असं बरेच जण मानतात. नाव कुणाचंही असो, मला या प्रसंगात एक गोष्ट फार मोठी वाटते. तो कार्यक्रम खुर्चीतल्या माणसासाठी होता. मुलींनी दिसायचं, उत्तरं द्यायची आणि बक्षीस घेऊन खाली बसायचं, एवढंच त्यांचं काम. तिथे एका पोरीने खुर्चीकडे बघून उलट मागणी केली.

पुढे काय झालं? सरकारने शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालाला जोडलं. जितकी पोरं पास, तितका पैसा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी यावर बोट ठेवलं. ज्या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, त्या गरीब, मागे राहिलेल्या समाजाला ही निकालाची पद्धत उपयोगाची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पद्धत रुळली. खेड्यातल्या मास्तरच्या आयुष्यात वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस ठरला तो तपासणीचा. ‘डिपुटी’ येणार! शाळा सारवायची, आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, पोरांना धुतलेले कपडे घालून बसवायचं, हुशार पोरं पुढे आणि ढ पोरं मागे. डिपुटीसाहेब कविता म्हणायला सांगणार, गणित घालणार आणि जाताना शेरेबुकात दोन ओळी लिहिणार. त्या दोन ओळींवर मास्तरची बढती-बदली. पोरांचा आनंद वगैरे त्या हिशेबात कुठेच नव्हता.

मराठी शाळेतली शेवटची पायरी म्हणजे सातवी, ‘व्हर्नाक्युलर फायनल’. लोक नुसतं ‘फायनल’ म्हणायचे. ती पास झालेला माणूस मास्तर होऊ शकायचा, तलाठी होऊ शकायचा. तुमच्या पणजोबांविषयी कुणी “जुनी सातवी पास” असं अभिमानाने सांगत असेल तर ते याचमुळे. सातवीचा निरोप समारंभ आजही काही गावांत दहावीपेक्षा जोरात होतो, कारण बऱ्याच खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीलाच संपते. तिथून पुढे सायकल, नाहीतर एसटीचा पास.

मग नाच-नाटक कुठून आलं? वरून, म्हणजे कॉलेजातून. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सोशल गॅदरिंग’ सुरू झाली. पोरं संस्कृत नाटकं करायची, शेक्सपियर करायची. तिथून हा शब्द हायस्कुलात उतरला. ‘स्नेहसंमेलन’ हे त्याचं मराठी रूप फक्त निमंत्रणपत्रिकेवर छापलं जातं. बोलताना श्रीगोंद्यातही गॅदरिंगच, अमरावतीतही गॅदरिंगच. मला तरी ते आता मराठीच वाटतं.

याच काळात आणखी एक गोष्ट रुजली, जी मला नाचापेक्षा जास्त आवडते. हस्तलिखित. पोरांनी वर्षभर लिहिलेल्या गोष्टी, कविता, चित्रं, सगळं हाताने सुबक अक्षरात उतरवून, पुठ्ठा लावून एक अंक करायचा आणि गॅदरिंगच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. दैनिक हं, रोज! आज आपल्याला रोजचं स्टेटस टाकायचा कंटाळा येतो.

श्रीगोंद्याकडे परत येऊ. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेली रयत शिक्षण संस्था गावोगाव पसरली. श्रीगोंद्यातही महादजी शिंद्यांच्या नावाचं रयतचं विद्यालय आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा ‘सरकारची’ होती ती हळूहळू ‘गावाची’ होऊ लागली, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा गॅदरिंगमध्ये दिसतो. तो म्हणजे बक्षीस.

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. गाणं चालू असताना कुणी आजोबा उठतात, स्टेजजवळ जाऊन नोट देतात आणि माइकवरून नाव पुकारलं जातं : अमुक यांच्याकडून या गाण्याला ५१ रुपये. मग दुसऱ्या भावकीतून १०१. मग तरुण मंडळाकडून ५०१. रात्रभर हे चालतं. काही जणांना यात तमाशातली दौलतजादा दिसते, नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. त्या पैशांची वही असते. त्यातून शाळेला पाण्याची टाकी येते, रंग येतो, टीव्ही येतो. १८५३ मध्ये पोरांना बघून साहेबाने पैसे द्यायचे, आता पोरांना बघून गाव देतं. फरक इतकाच आणि एवढा मोठा, की देणाऱ्याला त्या पोराचं नाव माहीत असतं.

पोरं काय सादर करतात? लावणी, कोळीगीत, शेतकरीगीत, आणि ‘छावा’ सिनेमा आल्यापासून संभाजीमहाराज तर हवेतच. पण श्रीगोंद्यात ही भूमिका करणं म्हणजे वेगळी गोष्ट आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीमहाराज आणि कवी कलश यांना कैद करून औरंगजेबापुढे आणलं गेलं ते याच तालुक्यातल्या पेडगावला, भीमेकाठच्या बहादूरगडात. ज्या पोराने पुठ्ठ्याची तलवार धरलीय, त्याची सहल त्याच गडावर जाऊन आलेली असते.

आता तो ट्रॅक्टरचा आवाज. घोड आणि कुकडीच्या पाण्यामुळे श्रीगोंद्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. आणि ऊस तोडायला बीडहून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर येतात, मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांवर राहतात. पोरं सोबत. म्हणजे कॅलेंडर काढून बघा, गॅदरिंगचे सगळे महिने त्यांचे तोडणीचे. त्यांच्या गावच्या शाळेत स्टेज लागतं तेव्हा ती इथे, आणि इथल्या शाळेच्या पटावर त्यांचं नाव नाही. नव्वदच्या दशकापासून काही संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. सरकारने हंगामी वसतिगृहं काढली, जिथे पोरं आजी-आजोबांजवळ गावातच राहून शिकतात. तरी पाचटात खेळणारं, धाकट्या भावंडाला सांभाळणारं दहा-अकरा वर्षांचं पोरगं आजही फडात दिसतं. रात्री कोपीत झोपताना त्यालाही शाळेच्या स्पीकरवरची गाणी ऐकू येतात. पाठही असतात.

आणि तुमच्यापैकी काही जण. ज्यांची सातवी २०२० किंवा २०२१ ला संपली. दोन्ही वर्षी पहिली ते आठवीची वार्षिक परीक्षा झाली नाही, सगळ्यांना वर ढकललं. २०२० वाल्यांचं गॅदरिंग लवकर उरकलं असेल तर नशीब. २०२१ वाल्यांना तर निरोप समारंभ नाही, ग्रुप फोटो नाही, १ मेला शाळेत जाऊन प्रगतिपुस्तक घेणंही नाही. व्हॉट्सॲपवर निकाल आला आणि प्राथमिक शाळा संपली.

तर एक काम सांगतो. आपापल्या जुन्या शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, ट्रॉफ्यांच्या मागे, जुनी हस्तलिखितं असतात. वाळवी लागायच्या आत त्यांचे फोटो काढा आणि मला पाठवा. पोरांची आडनावं झाकून वाचू. पुढच्या भागात पेडगावला जाऊ, बहादूरगडात लक्ष्मी-नारायणाच्या देवळापाशी बसून रेकॉर्ड करायचा विचार आहे. भीमेचा वारा माइकमध्ये घुसला तर सांभाळून घ्या.